हे मोठ्यांसाठी आहे

डिसेंबर १९९८. अमेरिकन टीव्हीवर एक नवी जाहिरात दिसायला लागली. चुणचुणीत, नीटनेटक्या कपड्यांतली शाळकरी पोरं कॅमेऱ्याकडे बघून सांगतात, भाव खायला आपल्याला सिगरेट लागत नाही. शेवटी घोषवाक्य: 'थिंक. डोन्ट स्मोक.' विचार कर, ओढू नकोस. आता यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे की या जाहिरातीचे पैसे भरत होती फिलिप मॉरिस. मार्लबोरो विकते तीच. आणि पैसे म्हणजे चणेफुटाणे नव्हेत, वर्षाला दहा कोटी डॉलरची मोहीम होती.

माझ्यासारख्या संशयी माणसाला पहिला प्रश्न पडतो, दुकानदार स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दारातून परत का पाठवतोय? उत्तर शोधता शोधता माझे लागोपाठ तीन विकांत गेले. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

विषय डोक्यात शिरला तो ताईमुळे. भाचा अकरावीत आहे. ताईला त्याच्या जर्किनच्या खिशात लायटर सापडला आणि लगेच मला फोन. "तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो." हे 'तुझं ऐकतो' प्रकरण फार धोक्याचं असतं. मामा म्हणून जे काही थोडंफार भांडवल गाठीशी आहे ते एका भाषणात संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि बोलणार तरी काय? फुप्फुसं काळी होतात? ते त्याला पाचवीपासून पाठ आहे. थिएटरात सिनेमाआधी तंबाखूविरोधी जाहिरात लागते, तेव्हा ही पोरं त्यातली वाक्यं पडद्याच्या आधी म्हणून दाखवतात. म्हणजे माहितीचा तुटवडा नाहीये.

माहिती असणं आणि न ओढणं यांचा एकमेकांशी किती संबंध आहे, हे आपल्याकडे गोव्यात मोजून पाहिलं गेलंय. १९९५ मध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात आला होता. मालिकेवर सिगरेटच्या नावाचा शिक्का होता, विल्स. (आठवतंय ना? तेव्हा आपल्या संघाच्या शर्टावरही तेच नाव असायचं. १९९६चा विश्वचषकसुद्धा 'विल्स वर्ल्ड कप'च होता.) गोव्यातले एक सर्जन, डॉ. शरद वैद्य, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मालिकेनंतर गोव्यातल्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारले आणि १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. तंबाखू वाईट हे मुलांना चांगलं ठाऊक होतं. तरीही क्रिकेट आणि सिगरेट यांचं त्यांच्या डोक्यात एक खोटंच नातं जुळलं होतं, आणि असं नातं जुळलेली मुलं सिगरेट एकदा ओढून बघण्याची शक्यता जास्त होती. कुणी त्यांना 'ओढा' असं एका शब्दानं म्हटलेलं नव्हतं. शर्टावर नुसतं नाव होतं.

तेंडुलकरनं वडिलांना, म्हणजे प्रा. रमेश तेंडुलकरांना, शब्द दिला होता की दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही. तो त्यानं पाळला, हे त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलंय. पण संघाच्या शर्टाचं काय करणार? तो तर सगळ्यांनाच घालावा लागायचा. विल्सवाल्या आयटीसीनं क्रिकेटमधून अंग काढलं ते २००१ मध्ये, जाहिरातबंदीचा कायदा येणार हे दिसायला लागल्यावर. कायदा आला २००३ मध्ये. वैद्यांना तो बघायला मिळाला नाही, ते २००० मध्येच गेले.

असो. मूळ प्रश्न कंपनीचा होता, तिकडे वळू.

कंपन्या मुलांबद्दल आपापसात काय बोलत होत्या, हे आज आपल्याला कळतं ते एका खोक्यामुळे. मे १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टॅन्टन ग्लॅन्झ नावाच्या प्राध्यापकांकडे पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव 'मिस्टर बट्स', म्हणजे एका व्यंगचित्रमालिकेतलं सिगरेटचं पात्र. आत ब्राउन अँड विल्यमसन कंपनीची सुमारे चार हजार पानं अंतर्गत कागदपत्रं. कंपनी खवळली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोण येतं, काय वाचतं यावर नजर ठेवायला खाजगी गुप्तहेर पाठवले, मग कागद परत मिळावेत म्हणून कोर्टात गेली. कोर्टानं ऐकलं नाही. आणि १ जुलै १९९५ ला विद्यापीठानं ती सगळी पानं महाजालावर टाकून दिली. १९९५! आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हीएसएनएलनं लोकांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. एकदा जालावर चढलेली गोष्ट परत बाटलीत भरता येत नाही, हे कुठल्याही प्रोग्रामरला ठाऊक असतं, पण सिगरेट कंपनीच्या वकिलांना ते तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

पुढे मिनेसोटा राज्यानं लढवलेल्या खटल्यात आणि नंतरच्या तडजोडींत इतर कंपन्यांचेही कागद बाहेर आले. आता त्या विद्यापीठाच्या संग्रहात एक कोटीहून जास्त दस्तऐवज आहेत. कुणालाही फुकट शोधता येतात. मी शोधले. वेळ कसा जातो कळत नाही. कार्यालयीन इंग्रजी, फोटोकॉपीचे काळे डाग, कोपऱ्यात कुणाची तरी सही. आपल्या हापिसातली कागदपत्रं असतात ना, अगदी तशी कंटाळवाणी. आणि त्या कंटाळवाण्या भाषेत काय लिहिलंय ते बघा.

फिलिप मॉरिसचा १९८१चा एक अहवाल म्हणतो की आजचा टीनएजर हा उद्याचं संभाव्य कायमचं गिऱ्हाईक आहे, आणि बहुतेक ओढणारे विशीच्या आतच सुरुवात करतात. (हे खरंच आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१२च्या अहवालानुसार रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी ८८ टक्क्यांनी पहिली सिगरेट अठरा वर्षांचे होईपर्यंत ओढलेली असते.) आर. जे. रेनॉल्ड्सचा १९८४चा अहवाल त्याही पुढे जातो. जुने ओढणारे कमी होत जातात, त्यांच्या जागी भरती तरुणांमधूनच व्हायची, दुसरीकडून नाही. ती थांबली तर धंदा आटत जाईल, जशी पोरंच जन्माला न घालणारी वस्ती आटते, असा साधारण त्याचा हिशेब. या भरतीसाठी इंग्रजीत त्यांनी वापरलेला शब्द आहे 'रिप्लेसमेंट स्मोकर'. बदली ओढणारा.

पण माझ्या मते सगळ्यात शहाणा कागद आहे रेनॉल्ड्सचाच, १९७३चा. तरुणांसाठी नवा ब्रँड काढायचा तर कसा असावा, यावरचं टिपण. लिहिणारा माणूस जाहिरातवाला नव्हे, संशोधन विभागातला. त्याचं म्हणणं असं: नवख्याला सिगरेटची चव मुळीच आवडत नाही, उलट त्रासच होतो. तो ओढतो ते चारचौघांत मिसळायला, अवघडलेपण झाकायला, आपण कुणीतरी आहोत हे दाखवायला. आणि मोठी माणसं सिगरेटविरुद्ध उपदेश करत असतील तर बंडखोर वयाचं पोरगं मुद्दाम ओढेल. म्हणून हा ब्रँड 'तब्येतीला बरा' म्हणून खपवू नका. थोडा धोका सूचित होऊ दे. पाकिटावरची इशाऱ्याची ओळसुद्धा इथे फायद्याची ठरू शकेल!

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि जरा वेळ गप्प बसलो. आपण ज्याला कुंपण समजतो ते समोरच्यानं जाहिरातीच्या खात्यावर कधीच जमा करून टाकलंय.

आपल्याकडचं कुंपण आठवून बघा. २००३च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विक्री बंद. टपरीवर पाटी असते, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकणे हा गुन्हा आहे. पाटी हवीच, कायदाही हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण सोळा वर्षांच्या पोराच्या नजरेनं ती पाटी वाचा. तिथे लिहिलंय, हे मोठ्यांसाठी आहे. त्याला या वयात मोठं होण्यापलीकडे दुसरं काय हवं असतं? पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत भयानक चित्र आहे, तेही चांगलंच. पण पोरं पाकीट घेतातच कुठे? सुट्टी एक घेतात, टपरीला लटकवलेल्या लायटरवर पेटवतात. चित्र बघतो तो टपरीवाला. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगरेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या हापिसाच्या गेटसमोर उभं राहून या बंदीचा शोध घेतला तर सापडत नाही.

तर त्या 'थिंक. डोन्ट स्मोक.'चं गुपित. मुलांना 'ओढू नका' सांगायच्या मोहिमा या धंद्यानं १९८०च्या दशकापासूनच काढल्या होत्या. फिलिप मॉरिसच्या १९९१च्या एका अंतर्गत टिपणात अशा कार्यक्रमाचं यश कसं मोजायचं ते लिहिलंय. मला वाटलं, किती मुलांनी सिगरेट टाळली यावरून मोजणार. छे. विक्री आणि जाहिरातीवर बंधनं आणणारी विधेयकं किती कमी झाली, सोयीचे कायदे किती झाले, शिक्षक-पालक-व्यापारी मंडळांचा पाठिंबा किती वाढला, यावरून. आम्ही हापिसात याला मेट्रिक म्हणतो. कुठलाही प्रकल्प खरा कशासाठी चाललाय हे कळायला त्याचं उद्दिष्ट वाचू नये, मेट्रिक वाचावं.

आणि त्या मोहिमांतला संदेश कायम तोच: ओढणं हा प्रौढांचा निर्णय आहे. तू अजून लहान आहेस. १९७३चं टिपण हातात धरून हे वाक्य परत वाचा.

इथे भाच्याबद्दल एक सांगायला हवं. मी भाषण दिलं नाही. त्याला फक्त १९८४च्या अहवालाचा दुवा पाठवला, वर एक ओळ, 'हे वाच, भारी आहे'. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा त्याचा निरोप आला. "मामा, म्हणजे आजोबांच्या जागी मी का?"

आमचे अण्णा बिनफिल्टरच्या ओढायचे. पंचेचाळीस वर्षं. शेवटची दोन वर्षं त्यांना पलंगावरून मोरीपर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर बसावं लागायचं. भाचा तेव्हा लहान होता, ती खुर्ची त्याला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या निरोपाला मी रात्री उत्तर दिलं नाही. सकाळी 'हो' एवढंच लिहिलं. तो अजून ओढतो की नाही हे मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

आता फ्लोरिडा. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वात आवडता भाग.

फ्लोरिडा राज्यानं गव्हर्नर लॉटन चाइल्स यांच्या काळात सिगरेट कंपन्यांवर दावा लावला होता. सरकारी खर्चानं आम्ही ज्यांच्यावर उपचार केले त्यांचे पैसे भरा. ऑगस्ट १९९७ मध्ये कंपन्यांनी ११.३ अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यात वीस कोटी डॉलर खास मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्याच्या दोन वर्षांच्या प्रयोगासाठी. सरकारी पैसा आणि तरुणांचं प्रबोधन म्हटल्यावर काय होतं ते आपण जाणतो. चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी, प्रमुख पाहुणे. फ्लोरिडानं वेगळंच केलं. १९९८च्या वसंतात पाचसहाशे पोरापोरींना एकत्र बोलावलं आणि विचारलं, तुम्हीच सांगा काय करायचं.

त्याआधी मुलांशी गप्पा मारून जे हाती आलं होतं ते गोव्यासारखंच होतं. सिगरेटनं माणूस मरतो हे जवळजवळ प्रत्येकाला माहीत होतं. अडचण तीच होती. सिगरेट हे बंडाचं हत्यार होतं, स्वस्त आणि खिशात मावणारं. उपदेश करून ते काढून घेणार कसं? त्याऐवजी दुसरं हत्यार द्यावं लागणार. मोहिमेचं नाव ठरलं 'ट्रुथ', खरं. मुलांची संघटना निघाली, 'स्वॅट'. मायामीतल्या एका जाहिरात संस्थेनं पोरांना घेऊन जाहिराती बनवल्या. त्यात फुप्फुसं नाहीत, डॉक्टर नाहीत, 'ओढू नका' तर मुळीच नाही. पोरं सरळ सिगरेटच्या धंद्यातल्या, जाहिरातीतल्या बड्या साहेबांना फोन लावतात आणि साळसूदपणे अडचणीचे प्रश्न विचारतात. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज. संपली जाहिरात. त्या उन्हाळ्यात पोरं रेल्वेगाडीनं राज्यभर फिरली, गावोगावी थांबून बोलली. गव्हर्नरसाहेबही बरोबर होते.

बंड तेच. फक्त तोंड फिरवलं. आईबापांकडे होतं ते कंपनीकडे केलं.

आकडे 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली आले. १९९८ ते २००० या दोन वर्षांत फ्लोरिडाच्या माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्या वयात, सिगरेट ओढणारी मुलं १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आली. नववी ते बारावीच्या वयात २७.४ वरून २२.६ वर. दोन वर्षांत! चित्रकला स्पर्धांनी हे होत नाही.

मग काय, गोष्ट देशभर गेली. नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांनी कंपन्यांशी मोठा करार केला, पंचवीस वर्षांत २०६ अब्ज डॉलर. त्यातून एक प्रतिष्ठान निघालं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये 'ट्रुथ' राष्ट्रीय झालं. पहिल्या गाजलेल्या जाहिरातीत पोरं न्यूयॉर्कमध्ये फिलिप मॉरिसच्या मुख्यालयाबाहेर ट्रक थांबवतात आणि रस्त्यावर मृतदेह ठेवायच्या १२०० पिशव्या रचतात. तंबाखूमुळे अमेरिकेत रोज एवढी माणसं मरतात म्हणून १२००. वरच्या मजल्यांवरून लोक खिडकीतून बघतायत.

कंपन्यांनी करारात एक कलम घालून ठेवलं होतं, की या पैशातून कुणावर व्यक्तिगत हल्ला किंवा कुणाची निंदानालस्ती करायची नाही. लोरिलार्ड नावाच्या कंपनीला ते कलम एका रेडिओ जाहिरातीवरून आठवलं. तीत एक पोरगा कंपनीला फोन करतो: मी लोकांची कुत्री फिरवतो, सिगरेटमध्ये युरिया असतो म्हणे, माझ्याकडे कुत्र्याच्या मुताचा चांगला साठा आहे, घेणार का? कंपनीनं धमकीचं पत्र पाठवलं, खटला झाला, आणि डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयात चक्क या गोष्टीचा खल झाला की 'निंदा' म्हणजे नेमकं काय. न्यायमूर्तींनी शब्दकोश काढले. जुलै २००६ मध्ये निकाल लागला: जाहिराती टोचणाऱ्या असतील, पण ही निंदा नव्हे. युरिया असतो हे खरं होतं ना! (कराराच्या मसुद्यात शब्दाची व्याख्या न देण्याचे परिणाम. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट अपुरी असणं म्हणतात, आणि निस्तरायला साधारण एवढीच वर्षं लागतात.)

म्हणजे २००० ते २००२ या काळात अमेरिकन टीव्हीवर दोन मोहिमा एकाच वेळी चालू होत्या. एक 'ट्रुथ', एक फिलिप मॉरिसची. अशी आयती तुलना संशोधकांना क्वचितच मिळते. २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. 'ट्रुथ' बघितलेल्या मुलांची मतं तंबाखूविरुद्ध झुकली. 'थिंक. डोन्ट स्मोक.' बघितलेल्या मुलांचं सिगरेट कंपन्यांबद्दलचं मत सुधारलं, आणि पुढे ओढून बघण्याबद्दल ती जास्त मोकळी दिसली! आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अभ्यास 'ट्रुथ'वाल्यांच्याच प्रतिष्ठानाचा होता, तेव्हा चिमूटभर मीठ घेऊन वाचावा. पण २००६ मध्ये एक वेगळा मोठा अभ्यास आला. कंपन्यांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींचा एकूण काही उपयोग दिसला नाही. त्यांनी पालकांसाठी केलेल्या 'मुलांशी बोला, ती ऐकतील' छापाच्या जाहिराती जिथे जास्त दिसल्या, तिथे दहावी-बारावीच्या वयाची मुलं ओढण्याकडे उलट जास्त झुकलेली आढळली. हे मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बोलायचंच नाही का?" तसं नाही गं. सिगरेट कंपनीनं लिहून दिलेलं बोलायचं नाही.

अमेरिकेत बारावीच्या वयातल्या, गेल्या महिन्याभरात सिगरेट ओढलेल्या मुलांचं प्रमाण १९९७ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२३ मध्ये ते ३ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. सगळं श्रेय जाहिरातींना देणं खुळेपणाचं होईल. करार झाल्याझाल्या पाकीट एका फटक्यात ४५ सेंटनं महागलं, पुढे कर वाढत गेले, हॉटेलांत-हापिसांत बंदी आली. खिसा रिकामा असणं हा सोळाव्या वर्षी फार मोठा उपदेशक असतो. तरीपण २००५च्या एका अभ्यासानं १९९९ ते २००२ मधल्या घसरणीचा साधारण पाचवा हिस्सा 'ट्रुथ'च्या नावे टाकलाय, आणि जाहिरातीच्या मानानं हे अफाट आहे.

फ्लोरिडाचं पुढे काय झालं? जे यशस्वी सरकारी योजनेचं होतं तेच. चाइल्स डिसेंबर १९९८ मध्ये पदावर असतानाच वारले. विधिमंडळानं मोहिमेचे पैसे कापायला सुरुवात केली. जी योजना वर्षाला सात कोटी डॉलरच्या घरात सुरू झाली होती तिला २००३ मध्ये दहा लाख डॉलर दिले. आकडे उत्तम आलेत, मग आता कशाला खर्च, हा युक्तिवाद सगळ्या देशांत सारखाच चालतो असं दिसतं. सर्व्हर बंद पडत नाही म्हणून देखभाल करणाऱ्याला काढून टाकायचं. शेवटी २००६ मध्ये लोकांनीच मतदानानं राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली की तडजोडीच्या पैशातला ठरावीक हिस्सा यासाठी द्यावाच लागेल. तेव्हा कुठे पैसे परत आले.

सिगरेट तर उतरली. मग २०१५ मध्ये बाजारात ज्यूल आलं. पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, फळांच्या नि पुदिन्याच्या चवीचं, धूर नाही आणि वास जेमतेम. २०१९च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या नववी ते बारावीच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात ई-सिगरेट ओढल्याचं सांगितलं. वीस वर्षांत कमावलेलं चार वर्षांत धोक्यात. डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला विकत घेतला तो अल्ट्रिया कंपनीनं. अल्ट्रिया म्हणजे कोण? फिलिप मॉरिसनं २००३ मध्ये घेतलेलं नवं नाव.

आणि ज्यूलचाही शाळांसाठी एक कार्यक्रम होता बरं का. मुलांना ई-सिगरेटपासून दूर ठेवण्यासाठी! जुलै २०१९ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे न्यूयॉर्कच्या दोन विद्यार्थ्यांनी साक्ष दिली. कंपनीचा माणूस त्यांच्या नववीच्या वर्गावर आला होता, शिक्षक बाहेर गेल्यावर त्यानं सांगितलं की ज्यूल अगदी सुरक्षित आहे. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगरेटवर पूर्ण बंदी आली. तरी कुणाच्या दप्तरात कधीच सापडत नाही असं कुठलाही प्राचार्य छातीठोकपणे सांगणार नाही.

ज्यूलनं पुढे खटल्यांत बरीच भरपाई दिली. जून २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याशी चार कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा राज्यानं पैशाबरोबर आणखी एक गोष्ट मागून घेतली, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं. ती आता त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, जिथे मिस्टर बट्सचं खोकं आलं होतं. यावेळी फोटोकॉपीचे काळे डाग नाहीत. ईमेल आहेत, सादरीकरणं आहेत. परवा भाच्यानं आपणहून विचारलं की यातलं नेमकं शोधायचं कसं, तेव्हा त्याला शोधखिडकीत तारखेची चाळणी कशी लावायची ते दाखवलं.

त्यानं सगळ्यात आधी शोधलेला शब्द होता 'स्कूल'. बरंच काही निघालंय. अजून वाचतोय आम्ही.